श्रमदान मोजायचे कोणत्या बाजूने?

महाविद्यालयात पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आणि मुलीने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा केलीच पाहिजे, अशी शिफारस या देशात एकदा झाली होती आणि ती करणाऱ्या समितीचे अध्यक्ष मराठी होते, हे आज फारसे कुणाच्या स्मरणात नाही. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९५९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय सेवा समितीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. थोडे लष्करी प्रशिक्षण, थोडी समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण असा त्यांचा आराखडा होता. खर्चाचा आवाका आणि अंमलबजावणीतल्या अडचणी पाहून तो बाजूला ठेवला गेला. त्यानंतर के. जी. सैयदैन यांनी निरनिराळ्या देशांतल्या राष्ट्रीय सेवेचा अभ्यास करून ती ऐच्छिक ठेवावी असे सुचवले, कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व टप्प्यांशी समाजसेवा जोडण्याचा आग्रह धरला आणि अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांतल्या ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. आज हे स्वयंसेवक चाळीस लाखांच्या आसपास आहेत.

देशमुखांच्या कल्पनेतले एक वर्ष उतरत उतरत वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर इथवर आले. मला वाटते, तास हे एकक या तडजोडीतूनच रुजले असावे. सक्ती नाही, वेतन नाही, परीक्षा नाही. मग अमुक विद्यार्थ्याने सेवा पूर्ण केली असे प्रमाणपत्रावर लिहायचे तर त्याला कशाचा तरी आधार हवा, आणि हजेरीपत्रकावरच्या तासांइतका बिनतक्रार आधार दुसरा नसतो. तो एकदा स्वीकारला की बाकीचे सगळे आकडे त्याच वळणाने जातात. शिबिराच्या अहवालात शिबिरार्थींची संख्या, त्यांत मुली किती, श्रमदानाचे एकूण तास, लावलेली रोपे, रचलेले बंधारे, खणलेले शोषखड्डे, बौद्धिक सत्रांचे वक्ते, मान्यवरांच्या भेटी, वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या निकषात विस्तारकार्याचे पुरावे लागू लागल्यापासून, अक्षांश-रेखांश उमटलेली छायाचित्रे असे सगळे असते. ज्या दत्तक गावात हे घडले त्याच्या वाट्याला मात्र नाव, तालुका, लोकसंख्या आणि महाविद्यालयापासूनचे अंतर एवढेच येते.

मी अर्थशास्त्र शिकवते आणि काही वर्षे आमच्या महाविद्यालयात या योजनेची कार्यक्रम अधिकारी होते. मजूर किती तास राबले हा उत्पादनाचा खर्च असतो, ते उत्पादन नव्हे, हे प्रथम वर्षाच्या मुलांना आम्ही पहिल्या सत्रातच शिकवतो. राष्ट्रीय सेवेच्या बहुतेक सगळ्या आकडेवारीत, मग ती आमच्यासारख्या महाविद्यालयाची असो किंवा २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'माय भारत' पोर्टलवरच्या नोंदणीची, हाच खर्च फलित म्हणून मांडलेला असतो.

यावर एक जुने आणि सोज्वळ उत्तर तयार असते. सेवा मोजायची नसते, असे ते उत्तर. कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात मोजमापाचा विषय निघाला की कुणीतरी ज्येष्ठ प्राध्यापक उठून सांगतात की संस्कारांना फूटपट्टी लावता येत नाही, आणि टाळ्याही मिळवतात. मला या उत्तराचा आदर वाटत नाही. ज्यांना सेवा मोजायची नसते त्यांनी तास तरी कशाला मोजावेत? तास मोजायचे, रोपे मोजायची, पोती मोजायची आणि ती कुणाच्या उपयोगी पडली हे विचारताच निष्काम कर्मयोग आठवायचा, ही सोय आहे. ज्याच्या दारात आपण फावडे घेऊन गेलो त्याला, तुमचा उपयोग काय झाला, हे विचारण्यात सेवेचा कोणता भंग होतो, ते मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

पण हेही खरे की योजनेच्या मूळ कागदांत या विचारण्याला फारशी जागा नाही. बोधचिन्हातल्या कोणार्कच्या रथचक्राखाली 'मी नव्हे, तुम्ही' हे बोधवाक्य असले, तरी योजनेचे अधिकृत ध्येय समाजसेवेच्या माध्यमातून विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास हे आहे. म्हणजे विकास व्हायचा तो शिबिराला आलेल्या मुलाचा. गाव ही त्या विकासाची कार्यशाळा. यात वावगे काही नाही, शिक्षणसंस्थेने चालवलेली योजना शिक्षणासाठीच असणार. मात्र मग उद्घाटनाच्या भाषणात सरपंचांना आम्ही गावाचा कायापालट करायला आलो आहोत असे सांगू नये. या योजनेचे परिणाम दोन आहेत, मुलांवरचा आणि गावावरचा, त्यांची गणिते वेगळी आहेत आणि एकाच्या जमेतून दुसऱ्याची तूट भरता येत नाही, एवढे मान्य केले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

गावाच्या बाजूचे गणित आधी घेते, कारण ते अधिक अवघड आहे. स्वयंसेवी कामाची किंमत कशी काढावी, यासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये एक मार्गदर्शिका काढली. तिच्यातली मुख्य रीत सोपी आहे: हेच काम पैसे देऊन करून घ्यायचे असते तर किती मजुरी पडली असती ते पाहा. आमच्या शिबिराला ती लावून पाहू. शंभर स्वयंसेवकांच्या एका युनिटमधून साधारण निम्मे शिबिराला येतात. पन्नास जण, रोज चार तास, सहा दिवस. म्हणजे १२०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर १५० मनुष्यदिवस झाले. महाराष्ट्रात २०२४-२५ साठी राष्ट्रीय रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. गुणाकार केला की ४४,५५० रुपये येतात.

हा आकडा दिसायला बरा आहे, पण रोजगार हमीच्या कामावर एक दिवस उभे राहिलेल्या कुणालाही त्यातली मेख लगेच कळेल. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली आपली रोजगार हमी तासांवर मजुरी देत नसे. ती मातीवर देत असे. खणताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उभा खांब न खणता तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती आणि किती खोल गेलो हे मोजणाऱ्याला कळते. लांबी, रुंदी आणि त्या खांबाची उंची मोजमाप पुस्तिकेत चढायची आणि त्या घनफळावर जोडीची मजुरी ठरायची. मुरूम लागला तर दर वेगळा, माती दूर वाहून टाकायची असेल तर वेगळा. दुष्काळातल्या उपाशी माणसाचे काम राज्याने इंचाइंचाने मोजले आणि पोटभर जेवून शिबिराला आलेल्या विद्यार्थ्याचे काम आपण हजेरीने मोजतो, ही तफावत मला नेहमी खटकते. सातारच्या बाजारपेठेत वाढलेली मुले पहिल्या दिवशी सराईत मजुराच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही माती काढत नाहीत. तिसऱ्या दिवसापर्यंत हात बसतो, पण तोवर तळव्यांना फोड आलेले असतात आणि पाचव्या दिवशी समारोपाची तयारी सुरू होते. मातीच्या हिशेबाने त्या ४४,५५० चे निम्मे केले तरी मी उदार ठरेन.

आमचे दत्तक गाव माण-खटावच्या बाजूचे, पर्जन्यछायेतले. तिथल्या शिबिराचे मुख्य काम म्हणजे वनराई बंधारा. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेने रूढ केलेला हा बंधारा स्वस्त आणि तात्पुरता असतो. बांधकामांवरून सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, नाल्यातलीच माती आणि वाळू त्यांत भरायची, दाभणाने सुतळी ओवून तोंड शिवायचे आणि विटांच्या भिंतीसारखा सांधा मोडत थरावर थर चढवायचा. एका वर्षी मुले पोती ठासून भरत होती आणि दोन थरांमधून पाणी वाट काढत होते. काठावर बसलेले एक म्हातारे, ज्यांना सगळे तात्या म्हणत, बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "पोरांनो, पोतं गच्च भरू नगा. थोडं सैल ठिवा, म्हंजी एकावर एक नीट बसतंय." त्या वाक्यानंतर बंधारा धरू लागला. अहवालात तो बंधारा एक, लांबी बारा मीटर, असा गेला. तात्यांचे नाव मार्गदर्शक वक्त्यांच्या यादीत नव्हते.

आता या बंधाऱ्याचा परिणाम कसा काढायचा? पहिली कल्पना अशी की आजूबाजूच्या विहिरींचे पाणी मोजावे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तेव्हा पद्धत तयारच आहे. बंधाऱ्याखालच्या काही विहिरी घ्याव्यात, शेजारच्या तशाच पण बंधारा नसलेल्या नाल्याकाठच्या काही घ्याव्यात, दोन्हीकडे दोराला दगड बांधून खोली पाहावी आणि फरक काढावा. माझ्या वर्गातल्या मुलांनी एका वर्षी मार्चमध्ये हा उद्योग केला. दोन्ही बाजूंच्या विहिरींत सांगण्याजोगा फरक नव्हता. तिथेच थांबलो असतो तर निष्कर्ष सरळ होता: बंधाऱ्याचा उपयोग शून्य.

त्यांतल्या एका मुलीने, जिच्या घरी शेती होती, मोजपट्टी गुंडाळता गुंडाळता आजूबाजूची पिके पाहिली आणि तिला वेगळेच दिसले. बंधाऱ्याखालच्या दोन शेतकऱ्यांनी उन्हाळी कांदा वाढवला होता. विहिरीत पाणी वाढले की शेतकरी ते मोजत बसत नाही, तो आणखी दहा गुंठे कांदा करतो आणि पंप दोन तास जास्त चालवतो. पातळी पुन्हा शेजारच्या विहिरीइतकीच खाली जाते. परिणाम झाला तो पाण्यात राहिला नाही, कांद्यात गेला. म्हणजे चुकीची वस्तू मोजली तर चांगले कामही निरुपयोगी ठरते. याच्या उलट धोकाही तितकाच खरा आहे: कांद्याचे पैसे दिसले म्हणून सगळे श्रेय बंधाऱ्याला देणे, जेव्हा त्या वर्षी परतीचा पाऊस बरा झाला होता आणि आदल्या हंगामात कांद्याला भाव होता. शिवाय हा लाभ कुणाच्या पदरात पडला, तर ज्याची विहीर आणि ज्याचा पंप, त्याच्या. मुलांसाठी रोज भाकऱ्या थापणाऱ्या ज्या बायका होत्या त्यांतल्या बहुतेकींच्या घरी जमीन नव्हती. त्यांच्या वाट्याला आलीच असेल तर कांदा काढणीची चार दिवसांची मजुरी आली. गावाला फायदा झाला असे म्हणताना गाव म्हणजे कोण, हे विचारावे लागते आणि शिबिराच्या समारोपात ते विचारण्याची प्रथा नाही.

झाडांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर महाराष्ट्रात पुरेसे विनोद झाले आहेत. २०१७ पासून तीन वर्षांत ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टे आली, राष्ट्रीय सेवा योजनेची युनिटे त्यात हिरिरीने उतरली आणि नंतर त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. रोपे किती लावली हा प्रश्न जूनचा आहे. किती जगली हा पुढच्या मे महिन्याचा, आणि मेमध्ये महाविद्यालयांना सुट्टी असते.

परिणाम नीट मोजणे अशक्य आहे असे मात्र कुणी म्हणू नये, कारण ते याच राज्यात, याहून कितीतरी बिकट ठिकाणी झाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली, तेव्हा ३९ गावांत ती राबवली आणि ४७ गावांशी तुलना केली. दोन्हीकडे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला गेला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. त्या स्त्रियांना कामाचा मोबदला मिळत असे, तेव्हा त्यांना रूढ अर्थाने स्वयंसेवक म्हणता येणार नाही, आणि सात दिवसांच्या शिबिराला एवढी यंत्रणा परवडणार नाही हेही उघड आहे. माझा मुद्दा त्यातल्या दुसऱ्या आकड्यापुरता आहे. ३९ गावांतली बाळे मोजायला कुणीही तयार झाले असते. ज्या ४७ गावांत आपण काही केले नाही तिथली बाळेही तितक्याच काटेकोरपणे मोजायला वेगळी शिस्त लागते. आपल्या कामाचा परिणाम आपण न गेलेल्या गावांतूनच कळतो.

पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने २०१६ ते २०१९ या चार वर्षांत मधली वाट काढली होती. तीन तालुक्यांपासून सुरू झालेली ही स्पर्धा ७६ तालुक्यांपर्यंत गेली. उन्हाळ्यातल्या पंचेचाळीस दिवसांत झालेले श्रमदान, यंत्रांनी केलेले काम, शोषखड्डे, रोपवाटिका, पाण्याचा ताळेबंद या सगळ्यांना गुण होते आणि काम घनमीटरमध्ये मोजले जाई. हजेरीपेक्षा हे खूपच पुढचे होते. तरीही घनमीटर ही साठवणक्षमता. पाणी पावसावर अवलंबून आणि साठलेले पाणी कुणी उपसायचे हे गावातल्या राजकारणावर. स्पर्धेचा निकाल पावसाळ्यात लागे आणि पाण्याचा खरा निकाल पुढच्या एप्रिलमध्ये, ही अडचण तिथेही होतीच.

आता मुलांकडे वळते. शिबिराने मुले बदलतात, हे मी पाहिले आहे आणि कुणी नाकारले तर भांडेनही. पण बदलली कशामुळे, हे सांगणे अवघड आहे, कारण मुळात नाव नोंदवायला येतात तीच मुले थोडी वेगळी असतात. परीक्षेत मिळणाऱ्या दहा वाढीव गुणांसाठी येणारी काही असतात, पण त्यांना वगळले तरी जी मुले थंडीत गावच्या शाळेच्या फरशीवर सतरंजी टाकून सात रात्री झोपायला तयार होतात ती आधीपासूनच धिटाईची आणि माणूसघाणी नसलेली असतात. दहा वर्षांनी त्यांतला कुणी चांगला तलाठी झाला तर त्याचे श्रेय शिबिराला किती आणि त्याच्या मूळ स्वभावाला किती?

अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डग मॅकअॅडम यांनी या पेचावर एक हुशार तोडगा काढला होता. १९६४ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करण्यासाठी शेकडो विद्यार्थी मिसिसिपी राज्यात गेले होते. त्यांचे मूळ अर्ज मॅकअॅडम यांना सापडले आणि त्यांत अर्ज करून, निवड होऊनही ऐनवेळी न गेलेल्यांचे अर्जही होते. दोन्ही गट मुळात बरेचसे सारखे, मोठा फरक त्या उन्हाळ्याचा. वीस वर्षांनी शोधून काढल्यावर गेलेले लोक सार्वजनिक कामात अधिक सक्रिय आढळले. त्यांची मिळकत मात्र कमी होती आणि संसार अधिक मोडले होते. हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. सेवेचा परिणाम म्हणजे चांगलाच परिणाम, असे धरून मोजायला निघालेल्याला तो दिसलाच नसता. नायजेरियात यादवी युद्धानंतर, १९७३ मध्ये, पदवीधरांना एक वर्ष दुसऱ्या राज्यात पाठवणारी राष्ट्रीय सेवा सुरू झाली. तिच्यावरच्या एका अभ्यासातही असेच मिश्र चित्र निघाले: परक्या प्रदेशात राहून आलेल्यांना देशाचा अभिमान अधिक वाटू लागला आणि त्याच वेळी स्वतःच्या जमातीची ओढही वाढली.

आपल्याकडे ही तुलना फुकट होण्यासारखी आहे. शिबिराला जागा पन्नास आणि इच्छुक सत्तर-ऐंशी, असे अनेक महाविद्यालयांत होते. चिठ्ठ्या टाकून निवड केली आणि ज्यांना चिठ्ठी लागली नाही त्यांचीही नावे जपून ठेवून पाच वर्षांनी दोन्ही गटांना चार प्रश्न विचारले (गेल्या वर्षी ग्रामसभेला गेलात का, रक्तदान केले का, शेजाऱ्याच्या कुणा कामासाठी सरकारी कचेरीत खेपा घातल्या का, जातीबाहेरच्या कुणाच्या घरी जेवलात का), तर पन्नास वर्षांत न मिळालेले उत्तर पाच वर्षांत मिळेल. प्रत्यक्षात निवड कार्यक्रम अधिकाऱ्याच्या पसंतीने होते आणि न घेतलेल्यांची यादी कचऱ्यात जाते.

देशपातळीवरचे आकडेही याच धुक्यात आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनावेतन स्वयंसेवा, प्रशिक्षणार्थी काम आणि इतर विनावेतन काम मिळून दिवसभरात केवळ २.४ टक्के लोकांनी केलेले आढळले. आषाढी वारीत पालखीतळावर रात्रभर पिठले-भाकरी वाढणाऱ्या, गणेशोत्सवात दहा दिवस मंडपात राबणाऱ्या, मयताच्या घरी पहिले चार दिवस डबे पोचवणाऱ्या महाराष्ट्राला हा आकडा ओळखीचा वाटणार नाही. आपण त्याला स्वयंसेवा म्हणतच नाही, त्यामुळे विचारणाऱ्याला सांगतही नाही. आणि ज्यांना शासन कागदोपत्री स्वयंसेविका म्हणते त्या आशाताई मानधन वाढावे म्हणून आझाद मैदानावर बसतात. त्यांचे काम स्वयंसेवेत मोजायचे की स्वस्तातल्या नोकरीत, हा प्रश्न सांख्यिकीचा नाही, सेवाभावाचा तर मुळीच नाही. तो अंदाजपत्रकाचा आहे.

या सगळ्यातून आमच्या हाताशी जे येण्यासारखे होते ते एवढेच: मे महिन्यात, सुट्टी असली तरी, दोन-चार मुलांना घेऊन दत्तक गावी जायचे आणि एका पानावरचे मोजके प्रश्न घेऊन ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आणि मग आळ्यांतून बसायचे. शिबिरातले काय शिल्लक आहे, ते कोण वापरते, आम्ही आलो नसतो तर हे काम कुणी आणि कधी केले असते, आणि पुढच्या वेळी काय करू नये. ग्रामसेवकांनी न संकोचता सांगितले की शोषखड्ड्यांपैकी दगडगोटे न भरता मातीने बुजवलेले खड्डे पहिल्याच पावसात तुंबले. प्रभातफेरीबद्दल कुणाला काही आठवत नव्हते.

मागासवर्गीय वस्तीतल्या एका आजींना मात्र आमची एक मुलगी नावासकट आठवत होती. शिबिरात सर्वेक्षणाचा कागद भरताना तिने आजींचे पासबुक वाचले होते आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे कित्येक महिने जमा झालेले नाहीत हे तिच्या लक्षात आले होते. हयातीचा दाखला दिलेला नव्हता, म्हणून अनुदान थांबले होते. त्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने दुपारच्या विश्रांतीत चौकशी केली तेव्हा त्याच आळीत अशा आणखी चार जणी निघाल्या. दोघींनी दोन दुपारी त्यांचे कागद गोळा करून तहसील कचेरीत पोचवले आणि पाचही जणींचे अनुदान पुन्हा सुरू झाले. आजींचे म्हणणे एवढेच होते, "त्या पोरीला म्हणावं, पैसं यायला लागलं बरं का बाई."

अशी गोष्ट ऐकली की, बघा, खरी सेवा मोजता येत नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. ती अगदी सहज मोजता येते. महिन्याला १५०० रुपये, पाच जणी, बारा महिने: ९०,००० रुपये. अर्थशास्त्राची शिस्त म्हणून त्यातून काही वजा करायला हवे, कारण कुणीतरी नातेवाइकाने कधी ना कधी तो दाखला दिलाच असता; आपण फक्त तो दिवस अलीकडे आणला. सहा महिने अलीकडे आणला असे धरले तर ४५,००० रुपये होतात. म्हणजे दोन मुलींच्या दोन दुपारींची किंमत, हात आखडता घेऊन काढली तरी, पन्नास जणांच्या सहा दिवसांच्या खोदकामाच्या कागदी किमतीइतकी भरते, आणि ती भूमिहीनांच्या घरात गेली. अहवालात हे कुठेच नव्हते, कारण त्या दोन दुपारी वेळापत्रकात विश्रांतीच्या होत्या आणि विश्रांतीचे तास श्रमदानात धरत नाहीत.

बंधाऱ्याबद्दल सरपंचांनी जे सांगितले ते याहून साधे होते. "मॅडम, पोरं मनापासून काम करत्यात, त्याबद्दल दुमत न्हाई. पण तुम्ही येता डिसेंबरच्या अखेरीला. तवर नाल्याचं बरंचसं पाणी निघून गेल्यालं असतंय. दसरा-दिवाळीच्या आत आला तर कायतरी उपयोग हाय." वनराई बंधारा परतीचा पाऊस संपता संपता, नाला वाहता असताना घालायचा असतो. शिबिर डिसेंबरात होते, कारण पहिल्या सत्राच्या परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात. इतकी वर्षे बंधाऱ्याची तारीख पाण्याने ठरत नव्हती, परीक्षेच्या वेळापत्रकाने ठरत होती. शिबिर अलीकडे घेण्याची परवानगी मागितली तर ती मिळणार नाही हे वरून तोंडीच कळले, आणि परीक्षेच्या तोंडावर मुलांना सात दिवस बाहेर नेऊ नये हे त्यांचे म्हणणे चुकीचेही म्हणता येणार नाही.

म्हणून दिवाळीच्या आधीच्या रविवारी वीसेक मुले एस.टी.ने जाऊन बंधारा घालून येतात. तात्यांच्या देखरेखीखाली, पोती सैल भरून. ते तास नियमित उपक्रमांच्या १२० तासांत जातात. डिसेंबरच्या शिबिरात खोदकाम जवळजवळ बंद करून सकाळी पासबुके, रेशनकार्डे आणि दाखले तपासण्याचे काम ठेवले आहे, आणि ते फावड्यापेक्षा कंटाळवाणे आहे अशी मुलांची तक्रार आहे. शिबिराच्या अहवालात बंधारे शून्य गेले. जिल्हा समन्वयकांनी त्याचा लेखी खुलासा मागवला आहे. माझ्यानंतर आलेल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी त्याला मे महिन्याचे ते पान जोडून पाठवले आहे.